अस्वलाला ताप

"डॉक्टर, अस्वलाला ताप आहे," पहारेकरी म्हणाला.

अशी बातमी प्राणिसंग्रहालयात आली असती तर धावपळ झाली असती. पण हे वस्तुसंग्रहालय होतं, आणि पहारेकरी ज्या अस्वलाबद्दल बोलत होता ते वारल्याला बासष्ट वर्षं झाली होती. ज्यांना तो डॉक्टर म्हणत होता तेही डॉक्टर नव्हते. मेलेल्या जनावरांच्या कातडीत पेंढा भरायचा, टाके घालायचे, काचेचे डोळे बसवायचे आणि मिशा सरळ करायच्या, हे त्यांचं काम. अंगात पांढरा एप्रन असे, हातात सुई असे, आणि त्यांच्या हाताखालून गेलेला एकही रोगी तक्रार घेऊन परत आला नव्हता. याहून कमी भांडवलावर माणसं दवाखाने चालवतात.

"किती आहे?" डॉक्टरांनी विचारलं. पहारेकरी सकाळी थोडी लावून येतो अशी त्यांना शंका होती, आणि अशा माणसाशी वाद घालू नये हे त्यांना ठाऊक होतं.

"पोट चांगलं तापलंय. कपाळ मात्र गार आहे."

डॉक्टर उठले, दालनात गेले आणि त्यांनी अस्वलाच्या पोटावर हात ठेवला. मग तो तसाच ठेवून ते बराच वेळ उभे राहिले. पहारेकऱ्याने घेतलेली नव्हती.

ह्या अस्वलाच्या पोटावर डॉक्टरांचं पोट होतं. वरच्या कार्यालयाने काळबाह्य पदं शोधून ती रद्द करायला एक समिती नेमली होती. यादीत सगळ्यात वर 'पेंढाभरक, वर्ग तीन' हे डॉक्टरांचं पद होतं, समोर फुली मारलेलं. त्याखाली कंदीलवाला होता, पण तो निवृत्त होऊन, पेन्शन खाऊन, यथावकाश वारलाही होता. डॉक्टरांना नोकरी लागून एकोणीस वर्षं झाली होती आणि त्या काळात संग्रहालयात एकही नवं जनावर आलेलं नव्हतं. वय एकोणपन्नास. पेंढा भरण्याखेरीज दुसरी विद्या नाही, आणि ह्या विद्येला बाहेर कुणी कुत्रं विचारत नव्हतं. विचारलंच तर मेल्यावर.

संचालकांनी एकच वाट दाखवली होती. अस्वलाचं पोट लोंबून गुडघ्यांशी आलं होतं. ते समिती येईपर्यंत नीट भरून दाखवायचं. "अस्वल उभं दिसलं की तुमचं पद उभं," असं ते म्हणाले आणि त्यांनी जेवणाचा डबा उघडला. हा डबा ते मगरीच्या पाठीवर ठेवत. मगर दालनात मावत नसल्यामुळे संचालकांच्या खोलीत होती, आणि तिची पाठ टेबलापेक्षा सपाट होती. मगरीवर डबा ठेवू नये असं डॉक्टरांनी त्यांना एकदा सुचवून पाहिलं होतं. तुमच्या मगरीला ओरखडा पडणार नाही, असं उत्तर मिळालं होतं.

तर अस्वल भरून नऊ दिवस झाले होते आणि आता ते तापलं होतं. पेंढा पुरता वाळला नसावा, म्हणून आतल्या आत उबत असावा, असं निदान करून डॉक्टर जागेवर येऊन बसले. निदान बरोबर होतं. पेंढा कोणाचा, एवढंच चुकलं होतं.

डॉक्टरांच्या घरी पेंढा दोघांना लागे. बायकोने वर्षापूर्वी अळिंबी लागवडीचं तीन दिवसांचं प्रशिक्षण घेतलं होतं. त्याचं प्रमाणपत्र तिने बाहेरच्या खोलीत, काचेच्या कपाटाच्या बरोबर वर लावलं होतं. कपाटात घुबड होतं. डॉक्टरांनी पेंढा भरलेलं हे पहिलं घुबड, आणि लग्नानंतर बायकोला दिलेली पहिली भेट. त्याचा डावा डोळा जरासा वर बसला होता, त्यामुळे खोलीत कुठेही बसलं तरी ते आपल्याकडेच संशयाने बघतंय असं वाटे. एकोणीस वर्षं ती हे बघणं सोसत होती. प्रमाणपत्र लावल्यापासून तिने घुबडाकडे उलट बघायला सुरुवात केली होती.

कामाची तऱ्हा दोघांची जवळजवळ सारखीच. तीही पेंढा कापून भिजवायची, तेही. ती गरम पाण्यात, म्हणजे पेंढ्यातल्या नको त्या बुरश्या मराव्यात आणि हवी ती एकटी वाढावी. ते टाकणखाराच्या पाण्यात, म्हणजे पेंढ्यात जन्मभर काहीच वाढू नये. पिंप मात्र एकच होतं. सोमवार, बुधवार, शुक्रवार तिचे. मंगळवार, गुरुवार त्यांचे. भिजवलेला पेंढा निथळायला गच्ची एकच, आणि भरून ठेवायला पोती सारखीच, कारण दोघंही ती कोपऱ्यावरच्या एकाच दुकानातून आणत.

अस्वल भरलं त्या दिवशी बायकोने चार पोती पेंढ्यात बियाणं कालवून ठेवलं होतं. बियाणं म्हणजे पांढऱ्या बुरशीने वेढलेले गव्हाचे दाणे. कालवलेला पेंढा भोकं पाडलेल्या प्लास्टिकच्या पिशव्यांत ठासून भरायचा, पिशव्या अंधाऱ्या खोलीत टांगायच्या, की वीस दिवसांत भोकांतून अळिंबी बाहेर येते. पिशव्या संपल्या म्हणून ती दुकानात गेली, आणि जाताना फरशी पुसायला अडथळा नको म्हणून एक पोतं दाराशी सरकवून गेली. डॉक्टर आपलं पोतं न्यायला आले. दाराशी पोतं होतं, ते त्यांनी स्कूटरवर टाकलं. संग्रहालयात उघडल्यावर आत पांढरे दाणे दिसले. टाकणखार छान बसलाय, असं म्हणून त्यांनी समाधानाने अस्वल भरलं. पेंढा थोडा ओलसर होता, पण तो पोटात वाळेल असं त्यांना वाटलं. एकोणीस वर्षांचा अनुभव माणसाला अशाच वेळी दगा देतो.

इकडे बायको पिशव्या घेऊन आली तोवर तिच्या बहिणीचा फोन आला. बहिणीचा फोन म्हणजे तासाभराची निश्चिंती, म्हणून पिशव्या भरायला सासूबाई बसल्या. सासूबाईंच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता आणि सुनेच्या धंद्याबद्दल मनात अढी होती. अळिंबीला त्या 'कुत्र्याच्या छत्र्या' म्हणत. त्यांनी हाताला लागली ती चार पोती बारा पिशव्यांत भरून टाकली. शेवटचं पोतं मुलाचं होतं हे सांगायला तिथे घुबडाशिवाय कोणी नव्हतं.

अस्वल तापल्याचं डॉक्टरांनी संचालकांना कळवलं नाही. पण अकराव्या दिवशी संचालकांनी आपणहून एक चांगलं काम केलं. समितीपर्यंत कुणी हात लावून पोट बिघडवू नये म्हणून त्यांनी अस्वलावर काचेची मोठी पेटी बसवली, आत मंद दिवा लावला, कुलूप घातलं आणि किल्ली गळ्यात अडकवली.

तेराव्या दिवशी अस्वल श्वास घेऊ लागलं.

म्हणजे काच आतून धुरकट झाली, आणि नेमकी तोंडासमोर जास्त. पहारेकऱ्याने ती तीन वेळा बाहेरून पुसली आणि मग पुसणं सोडून नमस्कार केला. दोन दिवसांत गावभर झालं. जिथे आठवड्याला सात माणसं येत, त्यांतली चार पावसात अडकलेली, तिथे तिकिटाला रांग लागली. शाळांच्या सहली आल्या. एका मास्तरांनी अस्वल बरोबर चौदा सेकंदांनी श्वास घेतं असं घड्याळ लावून सिद्ध केलं. संचालक दालनात हात मागे बांधून फिरू लागले, आणि हे कसं केलं असं कुणी विचारलं तर नुसतं हसू लागले.

अशातच एका संध्याकाळी डॉक्टर जेवायला बसले असताना बायकोने मूठभर पेंढा आणून त्यांच्या डोळ्यांसमोर धरला. बारा पिशव्यांपैकी नऊ कापसासारख्या पांढऱ्या झाल्या होत्या आणि शेवटच्या तीन पिवळ्या त्या पिवळ्याच राहिल्या होत्या. तिने आधी बियाणंवाल्याला फैलावर घेतलं होतं, मग सासूबाईंच्या हातगुणाकडे बोट दाखवलं होतं. ज्या हाताने पाच पोरं वाढवली त्या हाताखाली कुत्र्याच्या छत्र्यांनी मरायची काय बिशाद, असं सासूबाईंनी ऐकवलं होतं. तेव्हा कुठे तिने पिशवी फाडून पेंढा चोळून पाहिला.

"हे काय आहे?"

डॉक्टरांनी दोन काड्या बोटांत चोळल्या. "टाकणखार."

"माझ्या पिशवीत टाकणखार कसा?"

डॉक्टरांचा घास ताटात परत गेला. घुबड दोघांकडे बघत होतं.

"अहो," बायको हळूच म्हणाली, "मग अस्वलाच्या पोटात काय आहे?"

"ताप," डॉक्टर म्हणाले.

ती आधी चिडली. बियाणं किती नाजूक असतं, किती लांबून येतं, आणि ते मेलेल्या जनावराच्या घशात घालणारा माणूस कसा आपल्याच नशिबी आला, हे सगळं तिने सांगून घेतलं. मग तिने चौकशी सुरू केली. अस्वल कोंदट जागेत आहे का? पेटीत आहे. ओल टिकते का? काच निथळतेय. उजेड? मंद. मधूनमधून लोकांची ये-जा, म्हणजे थोडी हवा? पेटीच्या खाली फट आहे. एकेका उत्तरासरशी तिच्या चेहऱ्यावरचा राग ओसरत गेला आणि त्या जागी मत्सर आला.

"प्रशिक्षणात आम्हाला हीच खोली दाखवली होती," ती म्हणाली. "मी तुमच्याकडे वर्षभर मागतेय." मग तिने बोटांवर दिवस मोजले. "गुरुवारी."

"काय गुरुवारी?"

"फुटणार."

"गुरुवारी समिती आहे."

"मग ताजी बघायला मिळेल त्यांना."

दुसऱ्या दिवशी डॉक्टर संचालकांकडे किल्ली मागायला गेले. रात्रभर त्यांनी कबुलीजबाब पाठ केला होता. पण संचालकांनी तो सुरूच होऊ दिला नाही. कलावंत माणसं शेवटच्या घटकेला हात लावून मातेरं करतात हे आपल्याला पक्कं माहीत आहे, असं ते मगरीवरचा डबा उघडता उघडता म्हणाले. आत काय केलंय तेही सांगू नका. जादूगार सांगतो का? डॉक्टर दोनदा "पण साहेब" म्हणाले आणि परत आले. इतक्या तयारीचा कबुलीजबाब कुणी ऐकला नाही याचं त्यांना वाईट वाटायला हवं होतं. त्यांना बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लाज वाटली.

गुरुवारी समिती आली. एक अध्यक्षबाई आणि दोन सदस्य. सदस्यांना स्वतःची मतं होती, पण ती काढण्यापूर्वी ते बाईंच्या चेहऱ्याकडे बघून घेत. संचालकांनी सकाळपासून पेटीवर मखमली कापड टाकून ठेवलं होतं, त्यामुळे आत काय झालंय हे त्यांनाही माहीत नव्हतं. पहारेकऱ्याला माहीत होतं. त्याने वाकून कापडाखालून बघितलं होतं आणि तेव्हापासून तो दालनाच्या दुसऱ्या टोकाला उभा होता.

संचालकांनी भाषण केलं आणि कापड ओढलं.

अस्वलाच्या डाव्या कानातून अळिंबीचा करडा-पांढरा गुच्छ फुलासारखा बाहेर आला होता. तोंडातून दुसरा, एकावर एक पाकळ्या रचाव्यात तसा, जणू काहीतरी खाताना त्याला कुणी हाक मारली होती. तिसरा काखेच्या शिवणीतून फुटून चांगला हातभर पसरला होता. कानात फूल, तोंडात घास आणि बगलेत फाइल अशा थाटात ते अस्वल ऑफिसला उशिरा निघाल्यासारखं दिसत होतं.

सदस्यांनी बाईंच्या चेहऱ्याकडे पाहिलं, पण तिथे अजून काही आलेलं नव्हतं.

"हे कोणी केलं?" बाईंनी विचारलं.

संचालकांचं बोट क्षणार्धात डॉक्टरांकडे गेलं. "यांनी."

बाई काचेला नाक लावून बघू लागल्या. "ही धिंगरी अळिंबी आहे ना? मी दोन वर्षं घरी लावतेय. दर वेळी काळी बुरशी येते."

"कल्पना अर्थात माझी," संचालक म्हणाले. बोटही त्यांनी तितक्याच चपळाईने परत घेतलं. मृत्यूच्या पोटातून जीवन असं काहीसं ते समजावू लागले, पण बाईंना जीवनात रस नव्हता, पेंढ्यात होता. पेंढा किती वेळ उकळला, असं त्यांनी विचारलं. संचालकांनी डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टर म्हणाले, घरी विचारावं लागेल. फोन लावला, बाईंनी तो मोठ्या आवाजावर ठेवायला लावला.

"उकळायचा नाहीच," बायकोचा आवाज दालनात घुमला. "गरम पाण्यात तासभर बुडवायचा, निथळायचा. मुठीत दाबला तर हात ओला व्हावा, थेंब पडू नये. थेंब पडला की काळी बुरशी आलीच. कोण विचारतंय? त्या समितीच्या बाई का? बाई, एक सांगते, बियाणं कालवाल त्या दिवशी नवऱ्याला घरात ठेवू नका."

बाईंनी हेही लिहून घेतलं. मग त्यांनी यादी मागितली, 'पेंढाभरक' समोरची फुली खोडली आणि यादी सदस्याला परत दिली. सदस्यांना पद आवश्यक असल्याचं आधीपासूनच वाटत होतं. डॉक्टरांनी एकोणीस वर्षांत पहिल्यांदा दालनातल्या खुर्चीवर टेकण्याचं धाडस केलं.

संचालक खुशीत आले होते. त्यांनी गळ्यातली किल्ली काढली, पेटी उघडली आणि स्वतःच्या हाताने तिन्ही गुच्छ खुडले. "बाई, आज दुपारच्या जेवणात हीच. उपाहारगृहात पाठवतो."

डॉक्टर खुर्चीवरच होते. पद वाचलं होतं. आता त्यांना काहीही करायचं नव्हतं, नुसतं गप्प बसायचं होतं, आणि ते काम त्यांना चांगलं जमत असे. गप्प बसण्याची किंमतही फार नव्हती: एक समिती आणि एक संचालक. दोन्ही परत मिळतात.

"ती खाता येणार नाही," डॉक्टर उभे राहत म्हणाले.

"डॉक्टर, पाहुण्यांसमोर काय हे."

"सोमल आहे, साहेब. विष. कातडीला चोळलाय, किडे लागू नयेत म्हणून. बासष्ट वर्षांपूर्वी तशीच रीत होती. त्यातून आलेलं खायचं नाही. आणि खरं म्हणजे हे सगळं चुकून झालंय. बायकोचं पोतं आलं. मला काही येत नाही त्यातलं."

सदस्याने फुली घालायला पेन उघडलं आणि बाईंकडे पाहिलं. बाई डॉक्टरांकडे बघत होत्या.

"ह्याच एका अस्वलाला चोळलाय?"

"नाही बाई. ह्या इमारतीत जुनं पेंढा भरलेलं जे जे आहे, त्या सगळ्यांना. म्हणून तर मी हात तीनदा धुतो. लोक हसतात."

संचालक तिन्ही गुच्छ हातात धरून वरातीतल्या नवऱ्यासारखे उभे होते. त्यांचा आवाज फार लहान झाला होता.

"मगरीला?"

"मगरीला जरा जास्तच," डॉक्टर म्हणाले. "पाठ जाड असते."

हे आपण रुजू झाल्याच्या महिन्यातच लेखी दिलं होतं, असं डॉक्टरांनी सांगितलं. बाईंनी फाइल मागितली. फाइल लगेच सापडली. ती मगरीच्या डाव्या पायाखाली होती, मगर डुगडुगू नये म्हणून घातलेली.

संचालक हात धुवायला गेले ते पाऊण तास आले नाहीत. समितीला जेवणाची इच्छा उरली नव्हती, त्यामुळे अहवाल तिथेच लिहून झाला. संग्रहालयात कशाला हात लावू नये हे फक्त एका माणसाला ठाऊक असून, त्याला काढल्यास उरलेल्या कर्मचाऱ्यांत पेंढा भरण्याची वेळ येईल, सबब पद कायम ठेवावं, असा त्याचा आशय होता. शेवटचं वाक्य बाईंनी नंतर खोडलं म्हणतात. संचालकांच्या सगळ्या तपासण्या झाल्या, काही निघालं नाही. अस्वलाच्या पोटातला पेंढा अळिंबीसकट खोल खड्ड्यात पुरला. पुरण्यापूर्वी डॉक्टरांनी हातमोजे घालून अळिंबीचं वजन तेवढं करून घेतलं, कारण घरी पहिला प्रश्न काय येणार हे त्यांना माहीत होतं.

"किती आली?" बायकोने दारातच विचारलं.

"दोन किलो तीनशे. पद वाचलं."

"पहिल्याच बहराला दोन किलो तीनशे?" ती म्हणाली. मागच्या खोलीतल्या तिच्या नऊ पिशव्यांना मिळून एवढी आली नव्हती. सासूबाई आतून म्हणाल्या, अस्वल खात्यापित्या घरचं असेल. बायको बाहेरच्या खोलीत गेली आणि काचेच्या कपाटासमोर उभी राहिली. काच चारी बाजूंनी होती. दार घट्ट बसत होतं. खाली बोटभर फट होती. डॉक्टर मागे येऊन उभे राहिले, आणि संग्रहालयात जी फुली खोडली गेली ती इथे कुणावर पडणार हे त्यांना तिने तोंड उघडण्यापूर्वीच कळलं.

त्या कपाटात आता चार पिशव्या टांगलेल्या असतात. काच आतून धुरकट होते, आणि आल्यागेल्याला सासूबाई ते दाखवतात.

घुबड संचालकांच्या खोलीत, मगरीच्या पाठीवर, डब्याच्या जागी बसतं. त्याच्यात नुसता टाकणखार आहे असं डॉक्टरांनी संचालकांना लेखी दिलंय. तरी संचालक डबा व्हरांड्यात उभ्यानेच खातात. खिडकी उघडी असली की घुबड तिथूनही त्यांच्या डब्याकडे बघतं.